स्वाक्षऱ्यांची पारख (ऑनलाइन विक्री, बेळगाव सीमाभाग)

स्वाक्षऱ्यांची पारख : नामवंतांच्या म्हणून विकायला ठेवलेल्या सह्या अस्सल की बनावट, हे ठरवण्याची रीत. बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात अशा सह्यांची गोष्ट रचणे सोपे जाते, कारण मोठी माणसे इथे खरोखरच येऊन गेली आहेत. डिसेंबर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले. 1946 आणि 2000 साली मराठी साहित्य संमेलन इथे झाले. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते, इंदिरा संत तर बेळगावच्याच. त्यामुळे ‘जुन्या वाड्यात पेटीच्या तळाशी सापडली’ असे कुणी लिहिले की इथल्या माणसाला ते चटकन पटते.

पारख सहीच्या वळणापासून सुरू करू नये. आधी भोवतीचा मजकूर वाचावा; पत्ता, तारीख, छापील मथळा. या बाबतीत सीमाभागाचा इतिहास फार उपयोगी पडतो. बेळगाव जिल्हा 1956 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मुंबई राज्यात होता, 1 नोव्हेंबर 1956 पासून म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले ते 1 नोव्हेंबर 1973 रोजी. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासूनचा. म्हणजे 1965 ची तारीख घातलेल्या पत्राच्या छापील मथळ्यावर सहा आकडी पिन दिसला, तर सही बघायचे कष्टही घेऊ नयेत. ‘बेळगावी’ हे नाव सरकारदरबारी 1 नोव्हेंबर 2014 रोजी आले. एखाद्या मराठी लेखकाने 1998 साली सहीखाली ‘बेळगावी’ लिहिले असेल, हे पचायला जड आहे. कन्नड मजकुरात मात्र तेच नाव चालेल, कारण कन्नड बोलणारे आधीपासून बेळगावीच म्हणत आले आहेत. ज्या नावांवरून इतकी वर्षे मोर्चे निघाले, ती अशी भलत्याच कामी येतात.

पुस्तकावरची सही असेल तर मुद्रणाचे पान मागावे. पु. लं.चे निधन 12 जून 2000 रोजी झाले, इंदिराबाईंचे त्यानंतर महिन्याभराने, 13 जुलैला. 2004 च्या पुनर्मुद्रणावर यांपैकी कुणाचीही सही असणे शक्य नाही. चूक ढोबळ वाटते, पण विक्रेते मुद्रणाचे पान सोडून फक्त सहीच्या पानाचा फोटो टाकतात, तेव्हा ती झाकली जाते. गोष्टीचीही अशीच तपासणी करता येते. ‘आजोबांनी 1924 च्या अधिवेशनात हरिजन फंडाला पाच रुपये देऊन गांधीजींची सही घेतली’ असे कुणी सांगितले, तर दोन काळ एकात मिसळले आहेत. सहीसाठी पाच रुपये घेऊन ते हरिजनकार्याला देण्याचा त्यांचा परिपाठ 1930 च्या दशकापासूनचा.

यानंतर प्रत्यक्ष रेघ. रोज सही करणाऱ्याचा हात वेगात चालतो. त्यामुळे रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नक्कल करणारा हळू काढतो. टोके बोथट राहतात, वळणावर बारीक थरथर दिसते, मधेच पेन उचलून पुन्हा टेकवल्याची खूण राहते. देवनागरी सहीत शिरोरेषा बघावी. खरा माणूस ती घाईत तिरकी ओढतो, अर्धवट सोडतो किंवा काढतच नाही. बनावट सहीत ती बऱ्याचदा शाळेतल्या वहीसारखी नीट असते. ताडून बघायचा नमुना त्याच लिपीतला आणि साधारण त्याच वयातला हवा. गांधीजी उजवा हात थकला की डाव्याने लिहीत, तेव्हा एका नमुन्यावर निकाल देणे धोक्याचे. उलट, दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या तर त्यांतली एक तरी छापलेली, शिक्क्याची किंवा यंत्राने काढलेली असते. माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करत नाही.

दहापट भिंगातून पाहिले तर इंकजेट छपाईचे रंगीत ठिपके उघडे पडतात. बॉलपेनच्या दाबाचा उठाव कागदाच्या पाठीवर बोटाला लागतो. शाईपेनची शाई जुन्या सच्छिद्र कागदात पसरते. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारा कागद साधारण 1950 नंतरचा समजावा, त्याआधीच्या कागदात तशी चमक आणणारी द्रव्ये नसत. फोनवरच्या फोटोत यातले फार थोडे कळते. म्हणून विक्रेत्याकडे बाजूने उजेड पाडून काढलेला, पाठीमागचा आणि पूर्ण पानाचा असे वेगवेगळे फोटो मागावेत.

प्रमाणपत्राचे वजन ते देणाऱ्याएवढेच. अमेरिकेत 1990 च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये पकडलेल्या टोळीने सह्यांबरोबर प्रमाणपत्रेही बनावटच दिली होती, त्या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही निघाला. भारतात हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार न्यायालयापुढे येऊ शकते, पण तज्ज्ञालाही मूळ कागद लागतो.

‘चि. अमुक यास सप्रेम’ अशी नाव घातलेली सही बाजारात सहसा स्वस्त जाते. पारख करणाऱ्याला मात्र तीच बरी, कारण बनावट करणारा चार ओळींचे हस्ताक्षर वठवायला धजत नाही. नाव खरवडून काढले असेल तर कागद उजेडासमोर धरावा. तेवढी जागा पातळ दिसते.