गोंधळात टाकणारे इंग्रजी शब्द

उच्चार, स्पेलिंग किंवा अर्थ जवळचा असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरले जाणारे शब्द. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठली, उच्चार मात्र बदलत राहिले. बराचसा घोळ त्यातला आहे. संगणकातली साधी स्पेलिंग-तपासणीही इथे कामाची नाही. चुकीच्या जागी पडलेला शब्द स्वतः शुद्ध असतो, त्यामुळे त्याखाली लाल रेघ येत नाही.

सांगली जिल्ह्यात द्राक्ष, बेदाणा आणि हळदीच्या व्यापारामुळे ही चूक परीक्षेतल्या अर्ध्या गुणावर भागत नाही. तासगावचा बेदाणा इंग्रजीत रेझन, स्पेलिंग आर-ए-आय-एस-आय-एन. सुरुवातीच्या ए-आयच्या जागी नुसता ई पडला की होते रेझिन, म्हणजे राळ. बॉक्सवर तसे छापले तर आत झाडाचा चीक भरल्याचे आपणच लिहून देतो. बारीक काळ्या मनुकांना करंट म्हणतात. त्याच्या शेवटी ए-एन-टी. हे नाव ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून आले. विजेच्या करंटला ई-एन-टी.

द्राक्षवेल व्हीने आणि द्राक्षाची दारू डब्ल्यूने सुरू होते. मराठीत दोन्ही सर्रास ‘वाइन’. म्हणताना व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. ही सवय एकदा लागली की बनियनची व्हेस्ट आणि पश्चिमेची वेस्टही आपोआप सुटी होतात. नाश्त्याच्या गाडीवरच्या स्नॅक्समधला सी गळून ई लागला की साप विकायला येतात. नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

कर्जाच्या कागदावरचे प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल. शेवट पी-ए-एल, कॉलेजच्या प्राचार्यांचाही तोच. पी-एल-ई असेल तर ते तत्त्व. लेंड आणि बॉरो यांत अडखळायला होते ते वेगळ्या कारणाने: मराठीत ‘उसने’ एकच, दिशा देणे-घेणे ठरवते. इंग्रजीत देणारा लेंड करतो, घेणारा बॉरो. ‘पेन बॉरो कर’ असे समोरच्याला सांगितले, तर पेन त्यानेच दुसऱ्याकडून मागायचे.

अफेक्ट (परिणाम करणे) बहुधा क्रियापद, इफेक्ट (परिणाम) बहुधा नाम. वह्या-पेनांच्या स्टेशनरीत ई, जागच्या जागी उभ्या असलेल्या स्टेशनरीत ए. अशा जोड्या समोरासमोर ठेवून पाठ करण्याची शाळेतली रीत अर्धीच उपयोगी. त्याने दोन्ही शब्द एकदमच आठवतात. एकेक शब्द त्याच्या वाक्यासकट आधी पक्का करावा, दुसरा नंतर.

प्रॅक्टिस आणि लायसन्स यांना ब्रिटिश पद्धतीत नाम असताना सी, क्रियापद असताना एस. अमेरिकेत प्रॅक्टिस दोन्हीकडे सीने आणि लायसन्स दोन्हीकडे एसने लिहितात. माल कोणत्या देशात जायचा ते पाहून पद्धत ठरवावी. एकाच कागदात दोन्ही मिसळू नयेत.