डी-डायमर आणि उसातलं पाचट

२०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या लाटेत, कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडच्या घराघरांत आरटीपीसीआरच्या जोडीला रक्ताच्या आणखी एका तपासणीचं नाव शिरलं, डी-डायमर. रिपोर्ट इंग्रजीत, सांगणारी सिस्टर कन्नडमध्ये आणि घाबरणारी आजी मराठीत. "रक्त घट्ट झालंय," एवढंच तिच्या पदरात पडायचं. तेही अर्धंच खरं.

उसाला पाणी पाजणाऱ्याला हे चटकन कळेल. सरीच्या तोंडाशी पाचट अडकलं की पाणी तुंबतं. गडी खोऱ्यानं ते मोकळं करतो आणि तुकडे खाली वाहत येतात. ते बघूनच खालचा माणूस ओळखतो, वर कुठंतरी तुंबलं होतं. डी-डायमर म्हणजे हे तुकडे. गुठळी फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीनं बांधलेली असते. शरीर ती विरघळवू लागलं की जाळीचे अवशेष रक्तात येतात. म्हातारपणी, गरोदरपणी, ऑपरेशननंतरही ते वाढतात. नुसत्या आकड्यावरून गुठळी कुठं आहे ते सांगता येत नाही.

पण कोविडसारख्या तीव्र विषाणूजन्य न्यूमोनियात रक्त मुळात तुंबतं कशामुळं? रक्तवाहिनीचं आतलं अस्तर निरोगी असताना रक्त चिकटू देत नाही. संसर्ग आणि दाह यांनी ते दुखावलं की चिकट प्रथिनं बाहेर पडतात, प्लेटलेट्स तिथं गोळा होतात. काही पांढऱ्या पेशी तर जंतू पकडायला स्वतःच्या डीएनएचीच जाळी फेकतात, आणि तीही गुठळीला आधार देते. भरीला यकृत फायब्रिनोजेन, म्हणजे जाळीचा कच्चा माल, जास्त बनवू लागतं. हवेच्या पिशव्यांभोवतीच्या केशवाहिन्या अशा बुजल्या की श्वास आत जातो, पण ऑक्सिजन उचलायला रक्तच पोचत नाही. २०२० मध्ये कोविडनं आणि इन्फ्लुएन्झानं दगावलेल्या प्रत्येकी ७ जणांची फुप्फुसं तपासली, तेव्हा कोविडमध्ये या सूक्ष्म गुठळ्या ९ पट आढळल्या. माणसं मोजकीच, तरी फरक डोळ्यांत भरणारा.

मग सगळ्यांनाच हेपॅरिनचा, म्हणजे गुठळी रोखणाऱ्या औषधाचा, भरपूर डोस का नको? २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत पूर्ण डोसचा फायदा वॉर्डातल्या मध्यम आजारी रुग्णांना झाला. आयसीयूत पोचलेल्यांना झाला नाही, आणि रक्तस्रावाची भीती वाढली ती वाढलीच. बहुधा तोवर दाहानं फुप्फुसाची इतकी नासाडी केलेली असते, की सरी मोकळी करूनही ऊस सावरत नाही. म्हणून आयसीयूतल्या रुग्णाला बऱ्याचदा गुठळी होऊ नये एवढ्यापुरताच, पोटाच्या कातडीखाली, छोटा डोस देतात.