आत्याच्या परड्यातले तीन चाफे

पाडवा झाला की राजापूरच्या आत्याचा फोन येतो, “चाफा फुललाय, येऊन जा.” कुठला, ते विचारावं लागतं. पुढल्या दारी सोनचाफा, गडग्याला लागून देवचाफा आणि विहिरीकडे हिरवा चाफा. नावाने सख्खे भाऊ, पण झाडांच्या कुळात बघाल तर तिघांची कुळं वेगवेगळी.

मूळ चाफा सोनचाफा, म्हणजे संस्कृतातला चंपक. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध केला. १६७८ साली निघालेल्या त्याच्या पहिल्याच खंडात हे झाड ‘चंपकम्’ या स्थानिक नावाने आलं. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञ लिनियसने लॅटिन नाव दिलं, तेव्हा त्यात ‘चंपाका’ राहिलं आणि त्याच्या आधी मिकेली नावाच्या एका इटालियन वनस्पतीतज्ज्ञाचं नाव लागलं. आता शास्त्रज्ञांनी ते मिकेली काढून या झाडाला मॅग्नोलिया नावाच्या गटात घातलंय. आडनाव गेलं, चंपाका टिकलं.

आत्याचा जुना सोनचाफा बियांचा होता. फुलायला कित्येक वर्षं लागली, आणि फुलला तो एवढा उंच की आकडीही पुरेना. आताचा कलमी आहे, दोन वर्षांत हाताशी फुलं आली. वसईच्या वाड्यांतून दादरच्या फुलबाजारात जाणारा सोनचाफा असाच कलमांचा.

देवचाफ्याची गोष्ट निराळी. हा मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांकडचा. प्लुमिए या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञावरून त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. युरोपीय गलबतं अमेरिकेला लागली १४९२ मध्ये, त्यानंतरच कधीतरी तो इकडे आला असणार. पण देवळांच्या आवारांत इतका मुरलाय, की परदेशी म्हटलं तर आत्या चिडते. “मग देवाला कसा चालतो?” यावर माझ्याकडे उत्तर नसतं. तो पसरला कसा, हे मात्र तिच्याच हातून बघितलंय. फांदी कापायची, चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत टाकायची, मग मातीत खोचायची. मातीवाचून इतका तग धरणारी फांदी गलबतातूनही सहज आली असेल. चैत्रात झाडावर पान नसतं, नुसत्या जाड, बोथट फांद्यांच्या टोकाला फुलं. रात्री वास वाढतो आणि पतंग मधाच्या आशेने येतात. फुलात मध नसतोच. पतंग फसतो, पण परागकण इकडचे तिकडे होतात.

मग याला चाफा का म्हटलं? माझा तर्क असा की आपल्या लोकांनी बारसं नाकाने केलं. दरवळणारं, जाड पाकळीचं फूल दिसलं की चाफा! नागचाफा, कवठी चाफा हेही त्याच पंगतीतले.

हिरवा चाफा तर सीताफळाच्या कुळातला. दांडीचा आकडा करून आधाराला चढतो. फूल आधी पानांच्याच रंगाचं, म्हणून दिसत नाही आणि वासही नसतो. पिवळं पडायला लागलं की पिकल्या फळाचा वास सुटतो. मग आत्या ते शोधते, वासावरून, डोळे जवळजवळ मिटून. सापडलं की पदराच्या टोकाला बांधते आणि दुपारभर कामं करत फिरते.