आजोबांच्या घड्याळाला चावी देण्याआधी

चावीच्या साध्या एचएमटी घड्याळातलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणारं चाक, सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. त्याच्या आसाची टोकं केसासारखी बारीक, पोलादाची. ती टेकतात कृत्रिम माणकांवर. तबकडीवरचे ‘१७ ज्वेल्स’ ते हेच. माणकाचा काठिण्यांक दहापैकी ९, त्यामुळे ते झिजत नाही. पण वर्षानुवर्षं पडून तेल आटतं, उरलेल्या चिकट थरात धूळ बसते आणि पोलाद घासलं जातं. म्हणून वारशात आलेलं घड्याळ चालतंय का हे बघायला रोज चावी देऊ नका. आधी घड्याळजीकडून उघडून, धुऊन, तेल घालून घ्या.

उघडल्यावर यंत्राचा फोटो मागा, कारण घड्याळाची खरी ओळख तिथे असते. कंपनीची खूण आणि कॅलिबर क्रमांक, म्हणजे यंत्राच्या मॉडेलचा क्रमांक, बहुधा बॅलन्स व्हीलच्या आसपास कोरलेला असतो. तबकडीवर विसंबू नये. जुन्या तबकड्या रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्या काळातली अस्सल तबकडी थोडी पिवळटलेली, डागाळलेली असणारच. ती चकचकीत करून देतो असं कुणी म्हटलं, तर ठाम नकार द्या. एकदा खरवडलेली छपाई परत येत नाही.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर बहुतेकदा चुंबकत्वाचा दोष असतो. स्पीकर किंवा मोबाइल कव्हरमधल्या चुंबकाने हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि ठोके भराभर पडतात. घड्याळजीकडच्या यंत्राने हे काही क्षणांत उतरतं.

घड्याळ १९५०च्या आसपासचं स्विस असेल आणि काट्यांवर तपकिरी पडलेला लेप दिसत असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे तो संपला, असं नव्हे. थकलं ते चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियम-२२६चं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं आहे. असं घड्याळ घरी कधीही उघडू नका, त्याची भुकटी श्वासातून शरीरात जाणं धोक्याचं. घड्याळजीलाही आधीच सांगा.

दुरुस्तीत काही बदललं, तर काढलेला जुना भाग मागून घ्या आणि घड्याळासोबतच डबीत ठेवा.