गायतोंडेंची चित्रं इतकी कमी का?

२०२५ च्या सप्टेंबरात वासुदेव गायतोंडेंचं १९७० सालचं एक चित्र लिलावात ६७ कोटींच्या वर गेलं आणि नेहमीप्रमाणे दोन प्रश्न फिरायला लागले, एक म्हणजे यात एवढं आहे काय, आणि दुसरा म्हणजे हे गायतोंडे कोण. पहिल्याचं उत्तर चित्रासमोर उभं राहूनच मिळेल तर मिळेल. दुसऱ्याबद्दल थोडं सांगता येतं.

जन्म नागपूरचा, १९२४ चा, घराणं गोव्याचं, आणि वाढले मुंबईत गिरगावातल्या चाळीत. चित्रकलेला वडिलांचा विरोध होता, तरी हे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात गेले आणि १९४८ ला डिप्लोमा घेऊन बाहेर पडले. तिथे अहिवासी सरांच्या हाताखाली भारतीय पद्धतीचं काम शिकले, त्यामुळे नंतरची, वस्तूच नसलेली चित्रं माहीत असतील तर सुरुवातीची बघून धक्का बसतो, चक्क माणसं आहेत त्यात, लघुचित्रांसारखी ठसठशीत रेषा आणि सपाट रंग! प्रोग्रेसिव्ह ग्रुपने, म्हणजे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या गटाने, १९५० मध्ये त्यांना बोलावलं, पण हुसेन-सूझांसारखा गाजावाजा करणं हा काही यांचा पिंड नव्हता.

मग पॉल क्ले हा युरोपातला आधुनिक चित्रकार भेटला, म्हणजे चित्रांतून. क्लेच्या नादाने आकार सुटे व्हायला लागले आणि पन्नासचं दशक संपेपर्यंत माणसं, वस्तू सगळं हळूहळू कॅनव्हासवरून निघून गेलं. १९५७ ला टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा ते वॉर्डन रोडच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे, तिथेच सतारवादक रविशंकर, नाट्यदिग्दर्शक अल्काझी यांचाही वावर असायचा, आजच्या मुंबईत अशी जागा स्वप्नातसुद्धा परवडणार नाही. वाचन झेनचं, कृष्णमूर्तींचं, आणि गिरगावाजवळच खेतवाडीत राहणाऱ्या निसर्गदत्त महाराजांकडेही ओढा.

१९६४ ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. रॉथको वगैरे अमेरिकन अमूर्त चित्रकारांचं काम तिथे प्रत्यक्ष बघायला मिळालं, पण त्यावरून 'रॉथकोची कॉपी' असं कोणी म्हणालं की मला राग येतो, कारण वस्तू तर त्याच्या आधीच गेल्या होत्या आणि पद्धतही पार वेगळी आहे. गायतोंडे रंग लावायचे रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने), मग खरवडून काढायचे, वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाटके कपटे रंगात दाबून त्यांचे ठसे उमटवायचे, परत वर पातळ थर, परत काढणं. साठच्या दशकाच्या शेवटापासून उभा कॅनव्हास पक्का झाला. जवळून बघा, पिवळ्याच्या आतून दुसरा पिवळा येतो.

याला वेळ लागतो, आणि हातापेक्षा जास्त वेळ नुसतं बसून राहण्यात जायचा. म्हणूनच वर्षाला पाच-सहाच चित्रं व्हायची. 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' हा शब्द त्यांना मान्य नव्हता, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे ज्यात मुळात वस्तूच नाही असं, म्हणा म्हणायचे, आणि मला ते पटतं, कारण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हटलं की मूळ वस्तू कुठली होती हे शोधायला लागतो आपण.

१९७१ ला पद्मश्री, मग मुंबई सोडून दिल्लीत निजामुद्दीन ईस्टला मुक्काम. लग्न केलं नाही, लोकांत मिसळणं कमीच. १९८४ मध्ये अपघात झाला, मानेला दुखापत झाली आणि मोठे कॅनव्हास जवळपास थांबले, त्या काळात कागदावर शाईची छोटी ड्रॉइंग्ज केली. २००१ च्या ऑगस्टमध्ये गेले.

मोठा बाजार नंतर आला. २०१३ ला मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात १९७९ चं चित्र २३ कोटींच्या वर गेलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं, आणि मग आकडे चढतच गेले. मुळात चित्रं कमी, त्यात शोधणारे वाढले, अजून काय होणार.

नाव म्हणाल तर बहुतेक चित्रांना नाहीच. नंतरच्या चित्रांवर समोर सहीसुद्धा सहसा दिसत नाही, ती मागच्या बाजूला असते, इंग्रजीत आणि बऱ्याचदा सोबत देवनागरीतही.