वाडा पडला, गल्लीत ऊन आलं

सदाशिव पेठेतल्या एका गल्लीतून माझं रोजचं जाणं-येणं आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथला एक वाडा पाडला आणि शेजारच्या घराची भिंत उघडी पडली. गेलेल्या वाड्याचा नकाशाच तिच्यावर उमटलेला होता. खाली चुलीच्या धुराने काळवंडलेला पट्टा, वर निळ्या रंगाची खोली, दोन कोनाडे, तिरका चढत गेलेला जिन्याचा ठसा. दोन घरांत भिंत एकच, सामाईक. एक घर गेलं तसे दुसऱ्याला टेकू द्यावे लागले.

आणखी एक बदल माझ्या उशिरा लक्षात आला. सकाळी दहा वाजता गल्लीत ऊन होतं. इतकी वर्षं त्या वेळी तिथे सावली असायची.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गल्ली दक्षिणोत्तर, रुंदी साधारण ४ मीटर, दोन्हीकडे ७ मीटर उंचीचे वाडे, असं धरू. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साडेबारा वाजलेले असतात, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला. त्या दिवशी अशा गल्लीच्या मधोमध उभ्या माणसावर ऊन पडतं ते साधारण साडेअकरापासून पावणेदोनपर्यंत, म्हणजे जेमतेम सव्वादोन तास. घरं तेवढीच उंच ठेवून रस्ता १२ मीटरचा केला, तर तेच ऊन साडेनऊपासून साडेतीनपर्यंत, पावणेसहा तासांच्या आसपास. मे महिन्यात दुपारी पेठेत चालणाऱ्याला साडेतीन तासांचा हा फरक कुणी समजावून सांगायला नको.

पूर्व-पश्चिम गल्लीचं गणित वेगळं. उन्हाळ्यात सूर्य गल्लीच्या लांबीवरूनच सरकतो, त्यामुळे भिंतींची सावली फारशी मिळत नाही. अशा गल्लीत झाड लावा किंवा छज्जा काढा, तिसरा उपाय नाही.

रात्रीचा हिशेब मात्र उलटा. तापलेला दगड आणि डांबर रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडतात, पण त्यासाठी आकाश दिसायला हवं. ४ मीटरच्या त्या गल्लीतल्या जमिनीला उष्णता सोडण्याच्या हिशेबाने जेमतेम पाव आकाश मिळतं, १२ मीटरच्या रस्त्याला दोन तृतीयांशाच्या जवळपास. बाकी बाजूंना समोरासमोर भिंती असतात, आणि त्या उष्णता एकमेकींकडे टोलवत बसतात. टिमोथी ओक या कॅनडातल्या हवामानशास्त्रज्ञाने १९८१ साली हा संबंध सूत्रात मांडला: रस्त्याच्या रुंदीच्या मानाने इमारती जितक्या उंच, तितकं शहर रात्री आसपासच्या खेड्यांपेक्षा जास्त उबदार. म्हणजे अरुंद गल्ली दुपारी माया करते आणि रात्री छळते. आता तर एसीची बाहेरची पेटीही त्याच गल्लीत गरम हवा ओतते.

वाड्याकडे याचं उत्तर होतं: चौक. वाड्याला स्वतःचं आकाश होतं. रात्री कौलांना लागून थंड झालेली हवा जड होते, चौकात उतरते आणि सकाळी बऱ्याच उशिरापर्यंत तिथेच साचून राहते. भोवती दीड-दोन फुटांच्या भिंती असल्या की दुपारचा ताप त्यातून आत झिरपायला रात्र उजाडते. फार गहिवरून जाण्याचंही कारण नाही. त्याच चौकात दहा बिऱ्हाडांचा एक नळ असे आणि शौचालयापुढे रांग. १९४७च्या कायद्याने भाडी गोठली, तेव्हापासून डागडुजीला मालकाच्या खिशात पैसा उरला नाही. पांढऱ्या मातीची भिंत कोरडी असली तर शंभर वर्षं उभी राहते, भिजली की बसते. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांनी ते एका दिवसात पाहिलं.

तर जुना वाडा जाणार आणि दोन घरांमधल्या फटीत नवी इमारत येणार. माझा पहिला संशय तिच्या उंचीवर होता, तो चुकीचा निघाला. समजा ती रस्ता पुढे रुंद करता यावा म्हणून आखलेल्या रेषेमागे, ३ मीटर आत सरकली आणि १५ मीटर उंच झाली. गल्लीच्या मध्यापासून जुनी भिंत २ मीटरवर होती, नवी ५ मीटरवर. उंचीही दुपटीवर गेली, त्यामुळे सूर्य तिच्यामागून गल्लीत डोकावण्याची वेळ फार तर दहा-बारा मिनिटांनी बदलते. सावलीच्या खटल्यात नवी इमारत निर्दोष आहे.

गुन्हा घडतो तो तळमजल्यावर.

एक इमारत आत सरकते आणि शेजारचे वाडे जुन्याच रेषेवर उभे राहतात. पुढचा वाडा वीस वर्षांनी पडणार, त्याच्या पलीकडचा कोर्टात. रस्ता रुंद होत नाही, नुसता खाचखळग्यांचा होतो. त्या खाचेत दुचाक्या, विजेच्या डीपीची पेटी आणि कचऱ्याच्या पिशव्या येऊन बसतात, आणि पायी चालणारा होता तिथेच, गाड्यांच्या वाटेत.

खाचेच्या मागे काय असतं? पार्किंग. सहा-आठ खांब, मधे अंधार, कडेला लिफ्टचं दार. पूर्वी त्या जागी ओटा असायचा, दिंडी दरवाजा असायचा, रस्त्याकडच्या खणात एखादं दुकान असायचं. माणूस सेकंदाला सव्वा ते दीड मीटर चालतो. ६ मीटर रुंदीची घरं ओळीने असली तर दर चार-पाच सेकंदांनी नवं दार, नवा वास, नवा चेहरा समोर येतो. डॅनिश वास्तुकार यान गेल यांनी कोपनहेगनमध्ये उभं राहून माणसं मोजली, तेव्हा हेच दिसलं: दारं-खिडक्या असलेल्या तळमजल्यासमोर लोक रेंगाळतात, बघतात, बोलतात, बंद भिंतीसमोरून नुसते निघून जातात. लक्ष्मी रस्त्यावर २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, तेव्हा लोक रस्ताभर पसरून चालतात ते गाड्या नसतात म्हणून, हे खरंच. पण दोन्ही बाजूंना दुकानं नसती तर तिथे चालायला आलं कोण असतं?

खांबांवरच्या पार्किंगची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. २६ जानेवारी २००१च्या भूज भूकंपात तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच अशाच होत्या: वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले, खाली उघडे खांब. वरच्या भिंती सगळ्या मजल्यांना मिळून एक ताठ पेटी बनवतात. जमीन हलली की ती पेटी वाकत नाही, सगळं वाकणं खालच्या खांबांच्या वाट्याला येतं. बारीक पायांच्या टेबलावर तिजोरी ठेवून टेबल ढकलून बघावं, तसं. याला मऊ मजला म्हणतात. २००२च्या भारतीय मानकाने अशा मजल्याचे खांब आणि तुळया नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट बलासाठी बांधायला सांगितलं. पुणं २०१६च्या मानकानुसार तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं, तेव्हा हा विषय फक्त गुजरातचा नाही.

तळमजल्यावर काही भक्कम काँक्रीटच्या भिंती आणल्या तर मजला मऊ राहत नाही. लिफ्टभोवती एक आणि समोरच्या बाजूला एक अशा त्या वाटून दिल्या की समोरच्या भिंतीआड एखादं दुकान किंवा जिन्याचं दार बसतं आणि गल्लीलाही तोंड मिळतं. सगळ्या एकाच कोपऱ्यात ठेवल्या तर मात्र हादऱ्यात इमारत पिळवटते. दोन चारचाक्यांची जागा जाते, हे कबूल. पेठेत चारचाकी बाहेर काढून परत आत घालण्याचा व्यायाम ज्यांनी केलाय त्यांना ते फार लागणार नाही.

इमारतीच्या दोन्ही बाजूंना सोडायच्या मोकळ्या जागेचंही असंच. प्लॉट ६ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल आहे असं धरा. दोन्ही बाजूंना एकेक मीटर सोडला तर ३६ चौरस मीटर जागा जाते, आणि मिळतात दोन बोळ. त्यात ऊन उतरत नाही, पाइप उतरतात. तीच ३६ चौरस मीटर मधे एकत्र केली तर ६ बाय ६चा चौक होतो. भिंतीला भिंत टेकवायची तर ती आगीला दाद न देणारी हवी आणि तिच्यात एकही खिडकी नको. शिवाय दोन इमारतींत काही इंचांचा सांधा हवा, नाहीतर भूकंपात एकीचा स्लॅब दुसरीच्या खांबावर आदळतो. हे सगळं करता येण्यासारखं आहे. अडचण नकाशाची आहे: प्रत्येक घर एकेकटं मंजूर होतं, आणि शेजारच्या घराची रेषा, त्याची भिंत, त्याच्या पायरीची उंची मंजुरीच्या कागदावर कुठे येतच नाही.

आमच्या गल्लीतला पाया भरून झालाय. सहा खांबांच्या सळ्या वर आल्यात, मधे भिंतीची सळई एकही नाही. शेजारच्या काकू ओट्यावर भाजी निवडत बसतात आणि ऊन सरकलं की पाट घेऊन आत सरकतात. यंदा त्यांना दहालाच उठावं लागतंय. समोरच्या उघड्या भिंतीतल्या वरच्या कोनाड्यात कबुतरं राहायला आली आहेत. खालच्यात मुकादम आपलं हेल्मेट ठेवतो.