शाळा बुडवणं आणि शाळेची धास्ती

चौथीपर्यंत घराजवळच्या शाळेत उड्या मारत जाणारी पोरगी पाचवीला मोठ्या शाळेत गेली आणि महिन्याभरात रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्या शेजारचीच ती. एक मोजा पायात, एक हातात, पोट धरून उंबऱ्यावर बसलेली. बाहेर रिक्षावाले मामा हॉर्न वाजवतायत. आई वैतागून म्हणायची, "रविवारी कसं गं दुखत नाही? नुसती नाटकं!"

गफलत होते ती इथंच. भीतीनं पोटात खरंच कळ येते, कारण मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली असतात. रविवारी भीती नसते, म्हणून कळ नसते. सुट्टीला पोट थांबणं हा खोटेपणाचा पुरावा नाही.

शाळा बुडवणाऱ्या पोराची तऱ्हा वेगळी. ते दप्तर घेऊन वेळेवर निघतं, रंकाळा तलावावर नाहीतर एखाद्या मैदानावर दिवस काढतं आणि घरी पत्ता लागू देत नाही. धास्तावलेलं पोर लपवत नाही. ते घरीच थांबतं, आईला चिकटून. अभ्यास दिला तर बहुतेक वेळा करतंही. रविवारची संध्याकाळ झाली की मात्र त्याचा चेहरा उतरतो, चिडचिड सुरू होते. या वयात दुःख रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं.

"का" हे दोघांनाही विचारायला हवं, पण धास्तावलेल्याला रागावलं तर भीती दुप्पट होते.

आधी डॉक्टरांना पोट दाखवा. ते ठीक निघालं तरी "तुला काही झालेलं नाही" असं म्हणू नका. "काय झालंय?" याला "काही नाही" हेच उत्तर मिळतं. "डबा कुणाजवळ बसून खातेस?" असं नेमकं विचारा, तेही हाताला काम असताना. शेजारणीला उत्तर मिळालं ते वेणी घालताना, पोरीची पाठ तिच्याकडे असताना. स्वच्छतागृहाच्या दारात मोठ्या मुली अडवायच्या, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती.

घरी फार दिवस ठेवू नका, परत जाणं अवघड होत जातं. वर्गशिक्षकांशी बोलून सुरुवातीला दोनच तास पाठवा. दोन आठवडे झोप, भूक, खेळ बिघडलेलं राहिलं तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. मरणाचं बोलणं आलं तर एक दिवसही थांबू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फोन मोफत आहे, मुलांच्या मदतीसाठी 1098.

शेजारची पोरगी आता मैत्रिणीला घेऊन स्वच्छतागृहात जाते. बाईंनी तशी मुभा दिलीय. रिक्षात चढताना ती अजून एकदा मागं वळून बघते, आणि आई दारात उभी असते.